हौशी ट्रॅक रेसिंग: गाडीतल्या बदलांचा फॉर्म भरताना

हौशी स्पर्धेत नाव नोंदवताना आपली गाडी कोणत्या वर्गात बसते हे बहुतेक ठिकाणी आधी चालकालाच लिहून द्यावं लागतं. आयोजक ते नंतर तपासतात. प्रत्येक संघटनेची नियमावली वेगळी असते, त्यामुळे चालू वर्षाची प्रत समोर ठेवूनच फॉर्म भरायला बसा.

वर्ग पाडण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत बदलांची यादी असते: एवढं चालेल, त्यापुढे गेलात की वरचा वर्ग. अमेरिकेतल्या एससीसीए या हौशी रेसिंग संघटनेच्या ऑटोक्रॉसमधले (शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेकट्या गाडीची वेळ मोजणारी स्पर्धा) स्ट्रीट, प्रिपेअर्ड, मॉडिफाइड हे गट याच धर्तीचे. दुसरीत गाडीला मूळ वर्ग देऊन प्रत्येक बदलाचे गुण मोजतात. तिसरीत वजन भागिले ताकद (आकडा जितका लहान, तितकी गाडी वेगवान), आणि त्यात टायर किंवा एरोसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने पकड वाढवणाऱ्या भागांसाठी, थोडी वजाबाकी-बेरीज. माझा कल तिसरीकडे आहे. यादीच्या पद्धतीत लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, वेळेत काहीही न देणारा एखादा ब्रॅकेटसुद्धा गाडीला वर ढकलतो.

मात्र तिसऱ्या पद्धतीत ‘ताकद’ म्हणजे नेमकं काय, ते नियमात वाचा. समजा दोन गाड्या आहेत. चालकासह दोन्हींचं वजन १२०० किलो, डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) दोन्हींची कमाल ताकद २०० अश्वशक्ती. कागदावर दोघी ६.० वर. पण पहिली टर्बो, तिचा ताकदीचा आलेख पठारासारखा सपाट, वापरातल्या आरपीएममधली (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमधली) सरासरी १९२. दुसरीचा आलेख शेवटी टोकाला चढणारा, सरासरी १७०. सरासरी धरली तर आकडे ६.२५ आणि ७.०६ येतात, आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना दिसतो तो फरक हाच. म्हणून आलेख पूर्ण जोडा, नुसता कमाल आकडा नको. ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, एकाहून जास्त मॅप (सेटिंगचे संच) असतील तर सगळ्यात जास्त ताकदीचा मॅप जाहीर करा.

काही नियमावल्या इंजिनाच्या सीसीवरच वर्ग पाडतात. तिथे टर्बोला गुणक लागतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत पेट्रोल टर्बोसाठी तो १.७ आहे, म्हणजे १४०० सीसीचं टर्बो इंजिन २३८० सीसीचं धरलं जातं.

आता टायर. इंजिनावर रात्र-रात्र वाद घालणारी मंडळी टायरचा रकाना दोन शब्दांत उरकतात, आणि लॅप टाइम तर तिथेच सर्वांत स्वस्तात कमी होतो. टायरच्या कडेवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याचा, आकडा असतो, अनेक ठिकाणी रोडच्या वर्गांना किमान २०० लागतो. हा आकडा टायर कंपनी स्वतःच देते, त्यामुळे २०० लिहिलेले दोन टायर पकडीत सारखे असतीलच असं नाही. फॉर्ममध्ये मॉडेलचं पूर्ण नाव, मोजमाप आणि रिमची रुंदी तिन्ही लिहा.

रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा), बकेट सीट, हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट), अग्निशामक यांना गुण लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. सुरक्षेची शिक्षा कुणाला होऊ नये. पण केज सस्पेन्शनच्या माउंटिंगपर्यंत नेला असेल तर तो बॉडी कडक करतो. तेव्हा तसं नमूद करा.

पात्रतेसाठी सहसा वैध ड्रायव्हिंग लायसन्स, संघटनेचं सदस्यत्व, आणि चाकाला चाक लावून शर्यत असेल तर स्पर्धा लायसन्स लागतं. सोबत जोडायचं ते असं: भरलेला फॉर्म, डायनोचा आलेख, वजनाची पावती, बदललेल्या भागांची बिलं किंवा पार्ट नंबर, गाडीच्या कागदपत्रांची प्रत आणि इंजिन बे, चाकं, स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी), विंग यांचे फोटो. वजन नियमात सांगितलं असेल तसंच करा. चालक हेल्मेटसह बसलेला आणि टाकीत शर्यत संपल्यावर उरेल तेवढंच पेट्रोल, अशी अट बऱ्याचदा असते. हेल्मेट आणि हार्नेसवरच्या लेबलची मुदतही पाहून घ्या, स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीत, तेच आधी बघतात.

एखादा बदल नियमावलीत सापडलाच नाही तर ‘इतर’ या रकान्यात लिहा आणि तांत्रिक प्रमुखाला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत वरच्या वर्गात नाव द्या. खाली उतरायची परवानगी सहज मिळते. खालच्या वर्गात पकडलं गेलं तर मात्र निकाल रद्द होतो. प्रतिस्पर्ध्यालाही फी भरून हरकत घेता येते. मग इंजिन उघडण्याचा खर्च कोणावर पडतो, ते त्याच नियमावलीत असतं. हंगामाच्या मध्यात कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवले, रिम बदलली, ईसीयू रीमॅप केला, तर पुढच्या स्पर्धेआधी नवा फॉर्म द्या. रीमॅप असेल तर नवा आलेखही.