राळ मुठीत शिरली ती अशी

हातानं घडवलेल्या सुऱ्यांच्या मुठी हल्ली वेगळ्याच दिसू लागल्या आहेत. निम्मी मूठ गाठाळ, चित्रविचित्र रेषांच्या लाकडाची आणि उरलेली समुद्रासारखी निळी, काचेगत चकाकणारी. लाकूड कुठे संपतं आणि रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही. ही नव्या जमान्याची हौस आहे असा समज सहज होतो. पण राळ आणि लाकूड मुठीत एकत्र येण्याची गोष्ट लोखंडाहूनही जुनी आहे. बदलली ती राळेची जागा. आधी ती लाकूड आणि पातं यांच्यामध्ये होती, आता ती लाकडाच्या पोटात गेली आहे. तिथवर पोचायला तिला फार लांबचा रस्ता चालावा लागला.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पात्यांवर झाडाचा डिंक आणि गेरू यांच्या मिश्रणाचे अंश सापडले. पातं दांड्यात बसवण्यासाठी केलेलं ते चिकटण. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’जवळ एक गारगोटीच्या पात्याचा खंजीर होता. त्याची मूठ ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची. त्याच्या कुऱ्हाडीचं तांब्याचं पातं यू वृक्षाच्या दांड्यात बर्च झाडाच्या डांबरानं बसवलेलं होतं आणि वर कातड्याच्या पट्टीनं आवळलेलं होतं. आपल्याकडे तलवारीची मूठ बसवायची रीतही याच घराण्यातली. पोकळ धातूच्या मुठीत लाख-राळेचं गरम मिश्रण भरायचं, पात्याची मागची निमुळती शेपटी तापवून त्यात खुपसायची आणि निवू द्यायची. जुन्या तलवारीची मूठ सैल झाली की आतून विटकरी-काळपट भुगा गळतो, तो याच मिश्रणाचा.

चिकटवण्याचा प्रश्न असा फार पूर्वीच सुटला. पाण्याचा मात्र सुटला नाही.

पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात सुटं होतं, हे आपल्याला सांगायला नको. लाकूड हवेतली वाफ पितं आणि सोडतं. कोरड्या लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्यापर्यंत पाणी शोषत फुगत जातात. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं आणि त्यानं लाकूड आणखी फुगत नाही. शिवाय ही फूग सगळीकडे सारखी नसते. रेषांच्या लांबीच्या दिशेनं ती जवळजवळ नसतेच. आडव्या दिशेत मात्र ती चांगलीच असते आणि वर्षवलयांना समांतर दिशेत तर वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट. आता याच लाकडाच्या दोन फळ्या पोलादाच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी बसवा आणि रिव्हेट ठोका. पोलाद जागचं हलत नाही, लाकूड दर ऋतूत हलतं. मग फट पडते, फटीत पाणी जातं, आत गंज धरतो आणि एक दिवस रिव्हेटपाशी लाकूड उलतं. घरोघरच्या जुन्या सुऱ्यांच्या मुठींवर सुतळी किंवा तार गुंडाळलेली दिसते, ती या भांडणामुळेच.

यावर जुन्या कारागिरांचा एक उपाय म्हणजे लाकूड पारखून घ्यायचं. शिसव, खैर, बाभूळ यांसारखी जड, दाट लाकडं पाणी सावकाश पितात. दुसरा उपाय लाकूडच टाळायचा. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सुऱ्यांना हस्तिदंत, हाड, शिंग यांच्या मुठी लागत, आणि त्यातला एक मोठा धागा थेट हिंदुस्थानातल्या जंगलांपर्यंत येतो. सांबराचं शिंग आतून बरंच भरीव असतं, त्यामुळे मुठीसाठी ते जगभर नावाजलेलं होतं. शेफिल्ड आणि अमेरिकेतल्या कारखान्यांच्या यादीत ‘इंडियन स्टॅग’ म्हणून जे मिळे ते हेच. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस गळून पडलेल्या शिंगांच्या निर्यातीचाही रस्ता बंद झाला. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली आणि १९९० पासून ती लागू झाली. शिसवाच्या अख्ख्या डाल्बर्जिया वंशावर २०१७ च्या जानेवारीपासून ‘साइटिस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. या बंद्या आवश्यक होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांनी मुठीचं सामान झपाट्यानं कमी केलं, आणि साध्या, हलक्या लाकडाला जडपणा कसा आणायचा हा प्रश्न कारागिरांपुढे आला. त्याचं उत्तर तोवर भलत्याच लोकांनी शोधून ठेवलं होतं.

त्यातले पहिले रेल्वेवाले. लाकडात द्रव दाबानं भरण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये ब्रेआं यांनी १८३१ साली केला. १८३८ साली इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी त्याची पक्की रीत बसवली: लाकूड बंद टाकीत ठेवायचं, आतली हवा ओढून घ्यायची, मग क्रिओसोट हे डांबरापासून काढलेलं तेल सोडून दाब द्यायचा. जुन्या रेल्वे फाटकापाशी उन्हाळ्यात काळ्या स्लीपरांचा जो उग्र वास येई, तो या क्रिओसोटचा. आज कुणी घरातल्या काचेच्या भांड्यात व्हॅक्यूम लावून मुठीचे ठोकळे भिजवत असेल, तर त्याचं मूळ बेथेलच्या टाकीत आहे.

दुसरा धागा प्लास्टिकचा. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं. तीनेक वर्षांत वेस्टिंगहाउस कंपनीनं तसंच रेझिन कागद-कापडाच्या थरांत मुरवून विजेच्या उपकरणांसाठी ‘मायकार्टा’ काढलं. पुढे सुऱ्यांच्या मुठींना मायकार्टा इतकं मानवलं की कित्येक कारागीर आजही लाकडाआधी त्याला हात घालतात. कापडात रेझिन मुरतं तर लाकडात का मुरू नये, हा प्रश्न मग ओघानंच येतो.

तो नीट सोडवला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीनं. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तिथल्या आल्फ्रेड स्टॅम यांच्याबद्दल. पोकळी भरून भागणार नाही, पाणी जिथे बसतं त्या पेशीच्या भिंतीतच दुसरं काहीतरी बसवायला हवं, हे त्यांनी ओळखलं. १९३६ साली त्यांनी आणि सीबोर्ग यांनी पाण्यात विरघळणाऱ्या, लहान रेणूंच्या फिनॉलिक रेझिनाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्याबरोबर हे रेणू भिंतीत शिरतात, भिंत फुगलेल्या अवस्थेत असतानाच तापवल्यावर घट्ट होतात, आणि मग लाकडाला फुगायला जागाच उरत नाही. या लाकडाला ‘इम्प्रेग’ म्हणतात. त्याची फूग आणि आकस साध्या लाकडाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकीच राहते. मोटारगाड्यांच्या पत्र्यांचे साचे करण्यासाठी लागणारे नमुने त्यातून कोरले जात, कारण त्यांचं माप ऋतूनुसार हलत नसे.

याच लाकडाचे पातळ थर घट्ट होण्याआधी जबर दाबाखाली चेपले की होतं ‘कॉम्प्रेग’: पाण्यात टाकलं तर बुडणारं, घासलं की आपोआप चकाकणारं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे विमानांचे पंखे झाले. ट्रान्सफॉर्मरमधले विद्युतरोधक भाग आणि मागावरचे धोटेही या लाकडाचे होतात. भारतातही कॉम्प्रेगसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे. युद्ध संपल्यावर त्याचा एक ठळक उपयोग उरला तो सुऱ्या आणि काट्या-चमच्यांच्या मुठींचा. दुकानात आज ‘पक्कावुड’ नावानं मिळणारी गुळगुळीत, थराथरांची मूठ याच कॉम्प्रेगची नातलग. ती गरम पाण्याला आणि साबणाला दाद देत नाही. तिच्यात झाडाचं व्यक्तिमत्त्व मात्र उरत नाही. थर कापून, रंगवून, चेपून केलेलं लाकूड सगळीकडे सारखंच दिसतं.

स्टॅम यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या पदार्थावरही काम केलं. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं वासा हे जहाज १९६१ साली वर काढलं, तेव्हा ते सुकून तडकू नये म्हणून त्याच्यावर १७ वर्षं हा पदार्थ फवारला गेला. मुठीसाठी तो फारसा कामाचा नाही. तो पाण्यात विरघळतो आणि दमट हवेत चिकट होतो.

आजच्या ‘स्टॅबिलाइज्ड’, म्हणजे रेझिन मुरवून स्थिर केलेल्या लाकडाची खरी आई आहे ॲक्रिलिक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला किरणोत्साराचे शांततामय उपयोग हवे होते. त्याच्या मदतीनं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात लाकडात मिथाइल मेथॅक्रिलेट हा ॲक्रिलिकचा मूळ द्रव भरून त्याला कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी घट्ट करण्याचे प्रयोग झाले. निघालेलं लाकूड दगडासारखं कठीण होतं आणि वर्दळीच्या इमारतींच्या फरशीसाठी ते खपलंही. पण गॅमा किरणं कुणाच्या गॅरेजमध्ये येणार? १९६५ साली जॉन मेयर यांनी दाखवून दिलं की द्रवात योग्य उत्प्रेरक मिसळला तर साध्या उष्णतेनंही हे काम होतं. मुठीच्या इतिहासात मला हा दिवस सर्वांत मोठा वाटतो. त्या दिवशी ही विद्या प्रयोगशाळेतून कारखान्यात आली आणि पुढे भटारखान्यातल्या ओव्हनपर्यंत येणं सोपं झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. मेथॅक्रिलेट भिंतीत शिरत नाही, ते बहुतांशी पेशींच्या पोकळीत बसतं. म्हणजे ‘स्टॅबिलाइज्ड’ हा शब्द इम्प्रेगला जितका शोभतो तितका याला शोभत नाही. पाण्याची वाट अडते, ओल आत जायला दिवसांऐवजी महिने लागतात, कठीणपणा कमालीचा वाढतो. पण भिंतीची तहान मेलेली नसते. मुठीला एवढं पुष्कळ होतं. भाजी चिरून धुऊन पुसून ठेवलेल्या सुरीला पाणी प्यायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेत १९७० साली नाइफमेकर्स गिल्ड आणि १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. हातानं सुऱ्या करणाऱ्यांचा एक समाज उभा राहिला आणि त्याला प्रत्येक मूठ वेगळी हवी होती. हस्तिदंत, शिंग, जुनी दाट लाकडं एकेक करून हातची जात असताना त्यांच्या लक्षात आलं की सुताराच्या ढिगातलं टाकाऊ लाकूडच सर्वांत देखणं आहे. खोडावरच्या वेड्यावाकड्या गाठी, बुरशीनं काळ्या रेघा ओढलेलं अर्धवट कुजलेलं मेपल. हे सगळं मऊ, ठिसूळ, एरवी बिनकामाचं. पण मऊ आहे म्हणजे पोकळी जास्त, आणि पोकळी जास्त म्हणजे रेझिन जास्त. कुठल्याही झाडाच्या पेशीभिंतीची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते, फरक पडतो तो फक्त पोकळीचा. ०.५ घनतेच्या लाकडात दोन तृतीयांश जागा रिकामी असते. ती भरली की ठोकळा पाण्यात बुडतो. शिसव किंवा तेलकट सागवान मात्र रेझिन धड घेत नाही. ज्या दाटपणासाठी आजोबा शिसव निवडत, तो दाटपणाच इथे आड येतो. आपल्याकडच्या लाकडांत आंबा छान पितो, आणि बुरशीच्या नक्षीचं चिंचेचं लाकूड तर आज जगभरच्या मुठींवर दिसतं.

मुरवण्याची रीत अशी: ठोकळा आधी १०५ अंशांवर दिवसभर पूर्ण सुकवायचा. गरम असताना रेझिनात घातला तर रेझिन तिथेच घट्ट व्हायला लागतं, म्हणून हवाबंद पिशवीत निववायचा. मग रेझिनात बुडवून व्हॅक्यूम लावायचा. लाकडातली हवा बुडबुड्यांनी निघत राहते, कधी तासभर, कधी रात्रभर. नवशिक्यांना वाटतं की व्हॅक्यूम रेझिन आत ओढतो. तसं नाही. व्हॅक्यूम नुसती जागा रिकामी करतो. तो सोडला की बाहेरच्या हवेचा दाब रेझिन आत ढकलतो, म्हणून त्यानंतर ठोकळा आणखी कितीतरी तास बुडलेला राहू द्यावा लागतो. शेवटी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ९०–९५ अंशांवर भाजायचा. घाई केलेला ठोकळा वरून सुंदर दिसतो आणि कापल्यावर मध्यभागी कोरडा निघतो.

सुरुवातीला सांगितलेली मुठीतली ती निळी काच मात्र वेगळी. ते ओतकाम आहे, मुरवण नाही. मुरवलेल्या, भाजलेल्या ठोकळ्याभोवती इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन ओतून दाबाच्या भांड्यात ठेवतात, म्हणजे बुडबुडे चेपून दिसेनासे होतात. इपॉक्सी आपल्या घरात केव्हाच आलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं १९४६ साली बाजारात आणलेलं ॲरल्डाइट म्हणजे इपॉक्सीच. न मुरवलेल्या लाकडाभोवती थेट ओतलं तर काही महिन्यांत जोडावर केसाएवढी फट येते. पुन्हा तेच: एक हलतं, दुसरं हलत नाही. आणि हे सगळं घासताना उडणारी धूळ बारीक असते. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे आणि अर्धवट घट्ट झालेल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. मास्क न लावता हे काम करणाऱ्यांना मी हात जोडून विनवते.

मेथॅक्रिलेट भरलेलं जगातलं सर्वांत जुनं लाकूड आज जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचं आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीला आंब्याच्या गाठीची मुरवलेली मूठ आहे, तिनं तीन पावसाळे पाहिले आहेत. रिव्हेट पक्के आहेत, कुठे तडा नाही. पण ऑगस्टमध्ये पोलादाच्या कडेवरून नख फिरवलं की लाकूड किंचित वर आल्याचं नखाला लागतं, आणि जानेवारीत ते पुन्हा सपाट होतं.