बाप्तिस्म्याचा अर्ज कुठे अडतो?

कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याचा अर्ज जेमतेम एका पानाचा असतो. बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा चर्चचा दाखला, धर्मपिता-धर्ममातेची कागदपत्रं आणि पालकांच्या तयारीवर्गाची हजेरी, बस्स. तरी आमच्या वसईत हॉल बुक झालाय, केटररला ॲडव्हान्स गेलाय आणि अर्ज परत आलाय, असे पालक पॅरिश (म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या) ऑफिसच्या दारात नेहमी दिसतात. बाप्तिस्मा म्हणजे बारसं नव्हे, हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलंच नसतं. या संस्काराने माणूस ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभागी होतो, पापमुक्त होतो, चर्चचा सभासद होतो, अशी आपली श्रद्धा आहे. तो आयुष्यात एकदाच होतो आणि बाकीच्या संस्कारांचं दार त्यानेच उघडतं. नियम कडक आहेत ते यामुळे.

सर्वांत जास्त अडचण येते धर्मपिता-धर्ममातेपाशी. नातं जपायला म्हणून धाकट्या मावशीचं किंवा वडिलांच्या जिवलग मित्राचं नाव दिलं जातं. पण ती व्यक्ती कॅथलिक, साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली, ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) आणि दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) मिळालेली आणि श्रद्धेला धरून जगणारी हवी. बाळाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी ती घेणार असते. फक्त रजिस्टर लग्न करून राहिलेल्या कॅथलिक नातेवाइकाचं नाव इथेच अडतं. प्रोटेस्टंट मित्राला कॅथलिक धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. कृपा करून आधी फादरना विचारा, मगच घरी आमंत्रण द्या. दिलेला मान परत घेतला की घरात वर्षानुवर्षं अढी राहते. आणि जोडी लागतेच असंही नाही, एकटा धर्मपिता किंवा एकटी धर्ममाताही चालते.

दृढीकरणाचा दाखला तर बहुतेकांच्या घरी नसतोच. तो शोधत कपाटं उपसू नका. दृढीकरणाची नोंद मूळ बाप्तिस्मा रजिस्टरातही व्हायला हवी असते. त्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला काढलात तर बहुतेक वेळा काम होतं.

‘ताजा’ या शब्दावरच चर्चमधल्या लग्नाच्या वेळी गाडी अडते. लोक लहानपणचा, लॅमिनेट केलेला बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन येतात. तो खोटा नसतो, पण निरुपयोगी असतो. रजिस्टरात प्रत्येक नावापुढे समासात दृढीकरण, लग्न, व्रतधारण (संन्यस्त जीवनाची शपथ) अशा नोंदी होत जातात आणि दाखल्यावर त्या उतरतात. आधी लग्न झालेलं नाही हे त्यावरूनच कळतं. म्हणून दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, आणि हे सहा महिने सहसा लग्नाच्या तारखेपासून मागे मोजतात. साखरपुड्याच्या उत्साहात काढलेला दाखला लग्नापर्यंत शिळा होतो.

जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसणं हाही नेहमीचा घोळ. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. आधी ते करा. बाप्तिस्म्याचा दाखला सरकारी जन्मदाखल्याची जागा घेत नाही.

पुण्यात राहून आजोळच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचा असेल, तर स्वतःच्या पॅरिशच्या फादरांचं परवानगीपत्र लागतं.

आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं जातं, ते मात्र चुकीचं आहे. चर्चच्या कायद्यात आईवडिलांपैकी किमान एकाची संमती आणि बाळ श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा, एवढंच मागितलंय. ऑफिसातल्या माणसाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, थेट फादरना भेटा.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा वैध असतो. कॅथलिक होताना तो पुन्हा करत नाहीत, त्याचा पुरावा मागतात. रजिस्टर सापडत नसेल, तर तो बाप्तिस्मा प्रत्यक्ष पाहिलेल्या एका विश्वासार्ह साक्षीदाराची साक्षही चालू शकते. बाप्तिस्मा न झालेल्या प्रौढांना आधी काही महिने शिक्षण असतं आणि संस्कार बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो.

बाळ अतिदक्षता विभागात असेल तर यातला एकही कागद लागत नाही. जीव धोक्यात असताना कुणीही, अगदी नर्ससुद्धा, डोक्यावर पाणी ओतत ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते’ म्हणू शकते. शक्य असल्यास साक्षीदार ठेवा, तारीख आणि नावं लिहून घ्या आणि बाळ घरी आल्यावर पॅरिशमध्ये कळवून नोंद करून घ्या.