सिल्की आणि फ्रिझल: एकच हिशोब दोघींना लावू नका

फॅन्सी कोंबड्यांचा विषय निघाला की हा घोळ ठरलेलाच. कुणी सिल्कीला फ्रिझल म्हणतं, तर कुणी फ्रिझलला ‘कुरळी सिल्की’ म्हणून खपवतं. नावाचा गोंधळ एक वेळ चालेल. पण त्यावरून जोड्या लावल्या जातात आणि पुढची सगळी पैदास फसते.

सिल्की बहुतेकांच्या ओळखीची आहे. सावरीचं बोंड फुटावं तसं अंग, काळी कातडी, पायाला पाच बोटं आणि सदानकदा खुडूक. काळ्या कातडीवरून तिला कडकनाथची बहीण समजू नका. कातडी काळी करणारं जनुक दोघांत एकच आहे, पण झाबुआच्या कडकनाथची पिसं साधी असतात आणि बोटं चार.

आता पिसाकडे बघा. साध्या पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात आणि सूक्ष्म आकड्यांनी ते एकमेकांत अडकतात, म्हणून पीस सपाट राहतं. सिल्कीत हे आकडेच नीट तयार होत नाहीत, त्यामुळे तंतू सुटे पडतात. ते केस नव्हेत, पीसच आहे. फ्रिझलमध्ये आकडे शाबूत असतात. दांडाच अंगापासून बाहेर, उलटा वळतो. म्हणून सिल्की पावसात ओलीचिंब होते आणि फ्रिझलच्या अंगाजवळ ऊब टिकत नाही. उन्हाळ्यात हाच दोष गुण ठरतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने ‘उपकारी’ हा परसातला संकर फ्रिझल रक्तावर उभा केला, तो यासाठीच.

खरी गफलत होते ती वारशात.

सिल्कीचं पीस अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळालं तरच दिसतं. सिल्की कोंबडा गावठी कोंबड्यांवर सोडला तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साध्या पिसांची निघतात. पाच बोटं मात्र बहुतेकांना येतात, आणि तेवढ्यावर ती ‘सिल्की’ म्हणून विकलीही जातात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते ‘फसलो’ म्हणून पिल्लं कापून खातात. खरं तर त्यातल्या प्रत्येक पिल्लात सिल्की लपलेली असते. ती पिल्लं आपसात जुळवली तर सरासरी चारात एक सिल्की मिळते; पुन्हा सिल्कीशी जुळवली तर निम्मी.

फ्रिझलचं जनुक लपत नाही. एकाच बाजूने आलं तरी पीस वळतं. फ्रिझल आणि साधी अशी जोडी लावली की पहिल्याच पिढीत साधारण निम्मी पिल्लं कुरळी, आणि ती पंखांची पिसं फुटू लागली की ओळखूही येतात. उरलेल्या साध्या पिल्लांत फ्रिझल शिल्लक नसतं. (कुरळेपणा दाबणारं एक वेगळं जनुक असतं, त्यामुळे एखादा पक्षी फसवतो, पण तो अपवाद.)

म्हणूनच ‘फ्रिझलची शुद्ध जोडी’ ही जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं. फ्रिझलला फ्रिझल लावली की सरासरी चौथाई पिल्लांना जनुकाच्या दोन प्रती मिळतात. त्यांची पिसं इतकी ठिसूळ होतात की गळून अंग उघडं पडतं, ऊब राखताना शरीर थकतं, हृदयावरही ताण येतो. ‘जास्त कुरळी’ म्हणून त्यांना जादा भाव लावणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. फ्रिझलसाठी जोडीदार साध्या पिसाचाच हवा, शक्यतो त्याच घराण्यातला.

दोन्ही गुण एका पक्ष्यात आणण्याचं मला कौतुक नाही. सुटे तंतू आणि त्यात वळलेला दांडा, म्हणजे ना धड हे दिसत ना ते.

हाच हिशोब रंगांत पुन्हा भेटतो, आणि तिथेही लोक दोन वेगळ्या रंगांची मोट बांधतात. निळा आणि लॅव्हेंडर दोन्ही राखाडी दिसतात, सिल्कीच्या विस्कटलेल्या पिसांत तर फारच सारखे. साध्या पिसावर निळ्याला बहुधा गडद कड असते, मान जास्त काळी. लॅव्हेंडर सगळीकडे एकसारखा फिका. पण निळा वागतो फ्रिझलसारखा. निळ्याला निळा लावला की निम्मी पिल्लं निळी, चौथाई काळी आणि चौथाई स्प्लॅश, म्हणजे पांढुरक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश जुळवा. लॅव्हेंडर वागतो सिल्कीच्या पिसासारखा: दोन लॅव्हेंडर जुळवले तर सगळी पिल्लं लॅव्हेंडर, बाहेरचा पक्षी आणला की रंग एक पिढी गायब.

त्यामुळे ‘दोन्ही राखाडीच’ म्हणून निळा आणि लॅव्हेंडर एकत्र सोडले, तर निम्मी पिल्लं निळी, निम्मी काळी, आणि निळ्यात लॅव्हेंडर लपलेला नसेल तर लॅव्हेंडर एकही नाही. लॅव्हेंडरच टिकवायचा असेल तर त्याचीही एक खोड आहे: काही वंशांत शेपटीची पिसं झिरझिरीत होऊन झडतात. अशा वंशात चांगल्या पिसाचा काळा पक्षी घालावा, त्याची काळी पिल्लं लॅव्हेंडरशी जुळवावीत आणि निवड करताना रंगाआधी शेपटी बघावी.