हाय टी म्हणजे शाही चहा नव्हे

पंचतारांकित हॉटेलात ‘हाय टी’, पुण्यात पुस्तक प्रकाशनानंतर ‘हाय टी’, आणि आता साखरपुड्याच्या पत्रिकेतही ‘सायं. ५ वा. हाय टी’. नुसता ‘चहा’ छापला तर यजमान चिकट वाटतात, म्हणून आधी ‘हाय’ जोडायचं, एवढंच त्यामागचं शास्त्र. आपल्या गावात कोणी काय छापावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हीच समजूत डोक्यात घेऊन माणूस नोकरीसाठी इंग्लंडला जातो, तिथे कोणीतरी ‘टी’ला बोलावतं आणि फजिती होते. माझी झाली. माझ्यामागून लीड्सला आलेल्या तीन-चार मराठी मुलांचीही झालेली पाहिली, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आपण ज्याला हाय टी म्हणतो तो असतो आफ्टरनून टी. तो तुम्हाला फोटोंतून ठाऊक आहेच: तीन मजली स्टँड, कडा कापलेली काकडीची सँडविचेस, स्कोन (छोटा, भुसभुशीत पाव), क्लॉटेड क्रीम, जॅम, बोटभर केक, किटलीत दार्जिलिंग नाहीतर अर्ल ग्रे. वेळ साधारण साडेतीन ते पाच. याचं श्रेय बेडफर्डची सातवी डचेस ॲना मारिया हिला देतात. १८४० च्या सुमाराची गोष्ट. बड्या घरांतलं रात्रीचं जेवण सरकत सरकत आठ वाजेपर्यंत गेलं होतं, बाईंना चार वाजता भूक लागायची, म्हणून त्यांनी खोलीत चहा आणि ब्रेड-बटर मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावू लागल्या. थोडक्यात, दोन जेवणांमधलं रिकामटेकड्यांचं खाणं. बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर, समोर ठेंगणं टेबल.

हाय टी याच्या अगदी उलट्या टोकाचा. तो गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांचा. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर, लँकशरच्या कामगार वस्त्यांत रात्री आठपर्यंत कोण थांबणार? मुख्य जेवण दुपारचं, पण गिरणीत दुपारी डब्यातलं गार काहीतरी पोटात ढकललेलं असायचं. साडेपाच-सहाला घरी आलं की कडकडून भूक. मग जेवणाच्या टेबलावर एकदम सगळं यायचं: मांसाचा ‘पाय’ (pie, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ), गार हॅम किंवा खारवून धुरी दिलेला मासा, चीज, लोणचं, ब्रेड-लोणी, शेवटी केकचा तुकडा, आणि या सगळ्याबरोबर किटलीभर कडक चहा. एकोणिसाव्या शतकात चहा स्वस्त होत गेला, आसामचा माल लंडनला येऊ लागला, तेव्हा गरिबाच्या ताटाशेजारीही किटली आली. ‘हाय’ का, तर ठेंगण्या टेबलाऐवजी जेवणाच्या उंच टेबलावर बसून खायचं म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. काहीही असो, त्या ‘हाय’चा उच्चभ्रूपणाशी संबंध नाही. तुमच्या पत्रिकेवरच्या ‘हाय टी’चा खरा अर्थ लावायचा तर ‘गिरणीवरून सुटल्यावरचं जेवण’.

इथवर नुसती गंमत आहे. पाय घसरतो तो पुढे. ‘हाय टी’ हा शब्द इंग्लंडात आज रोजच्या बोलण्यात फारसा कोणी वापरत नाही. त्यातला ‘हाय’ गळून पडला आणि उरला नुसता ‘टी’. उत्तर इंग्लंडात आजही ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. ते दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात आणि रात्रीच्या जेवणाला ‘टी’. ऑफिसात सोमवारी सकाळी ‘काल टीला काय केलंस?’ असं विचारलं, तर उत्तर ‘आलं घालून केला’ असं द्यायचं नसतं. पास्ता, बीन्स-टोस्ट, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली करी, यातलं काहीही ‘टी’ असू शकतं. त्यात चहा असेलच असंही नाही! हे पचायला मला वर्ष लागलं.

आपली पंचाईत अशी की मराठीत ‘चहाला या’ याचा अर्थ पक्का आहे. चहा, पोहे, फार तर चिवडा-लाडू, तासाभरात उठायचं. जेवायचं असेल तर माणूस ‘जेवायलाच या’ म्हणतो. दोन्हींत गल्लत होत नाही. तिथे एकच शब्द दोन्ही कामं करतो, आणि बोलावणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

तर ऑफिसातल्या एका बाईंनी मला बोलावलं, ‘गुरुवारी आमच्याकडे युअर टीला ये, हाफ फाइव्ह.’ हाफ फाइव्ह म्हणजे साडेपाच, एवढं मला कळलं. टी म्हणजे बोटभर सँडविच, असं मी धरून चाललो आणि घरून दोन पोळ्या-भाजी खाऊन निघालो. मी शाकाहारी म्हणून त्या माउलीने मुद्दाम ताटभर चीज-कांद्याचा ‘पाय’, मॅश केलेला बटाटा आणि वाटाणे केले होते. ते संपवताना डोळ्यांत पाणी आलं. उलट माझा एक नागपूरचा मित्र लंडनजवळच्या सरे परगण्यात साहेबाच्या घरी चारच्या ‘टी’ला उपाशी पोटी गेला आणि अर्धा स्कोन खाऊन रात्री साडेसातला स्टेशनवर चिप्स शोधत फिरला.

ओळखायचं कसं? आधी घड्याळ बघा. तीन-चार वाजता बोलावलं तर खाणं, पाच-साडेपाचनंतर बोलावलं तर जेवण. मग तो ‘युअर’ ऐका. ‘कम फॉर टी’ संदिग्ध आहे, ‘कम फॉर युअर टी’ म्हणजे जवळजवळ नक्की जेवण. ‘अ कप ऑफ टी’ किंवा ‘अ ब्रू’ म्हटलं तर मात्र खरोखर चहाच, बरोबर बिस्कीट. लीड्स, मँचेस्टर, शेफील्डकडचा माणूस असेल तर जेवण धरा. लंडनच्या आसपासचा, नोकरदार वर्गातला असेल तर बहुधा चहा. पण तिथेही ‘किड्स’ टी’ म्हणजे पोरांचं संध्याकाळचं जेवणच. हे सगळं करूनही शंका राहिली तर सरळ विचारा, ‘मी जेवून येऊ की तुमच्याकडे जेवायचं?’ कोणी रागावत नाही. आणि तिथे ‘नको, नको’ करू नका. आपल्याकडे तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करतात, तिथे पहिल्याच ‘नो’ला ताट परत जातं.

बाकीचे वाद किरकोळ. दूध आधी की चहा आधी, कोणीही काहीही केलं तरी आपल्या उकळलेल्या चहाची सर येत नाही. स्कोनवर डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. मी जॅमवाला, कारण क्लॉटेड क्रीम म्हणजे जाडसर साय, आणि साय वरच शोभते. ‘स्कोन’ की ‘स्कॉन’? लीड्समध्ये ‘स्कॉन’ म्हणा, नाहीतर हसतात. नुसता स्कोन, क्रीम, जॅम आणि चहा असेल तर त्याला ‘क्रीम टी’ म्हणतात. त्यातल्या चहात क्रीम घालत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

तो साखरपुडा मात्र राहिलाच. पत्रिका मिळाल्यावर बहिणीला फोन करून विचारलं, ‘हाय टी लिहिलंय, म्हणजे जेवण आहे ना?’ म्हणाली, ‘छे रे दादा, ढोकळा आणि कॉफी. जेवायचं असतं तर जेवण नसतं का लिहिलं?’