रात्री आवरून ठेवायची रेल्वे

जपानने पाहिलेल्या अगदी पहिल्या आगगाड्या प्रतिकृतीच होत्या. मार्च १८५४ मध्ये अमेरिकेचे कमोडोर पेरी योकोहामाला उतरले, तेव्हा शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकासाठी, आणलेल्या भेटींत खऱ्याच्या पावपट आकाराचे वाफेचे इंजिन होते. मोकळ्या जागेवर रुळांचे वर्तुळ मांडले गेले. डबा इतका लहान, की सहा वर्षांचे पोर त्यात जेमतेम मावावे. म्हणून एक अधिकारी सरळ छपरावर बसला आणि अंगरख्याचा घोळ वाऱ्यावर उडवत गोल गोल फिरला. आदल्याच वर्षी रशियाच्या पुत्यातिन यांनी नागासाकीत छोटे इंजिन चालवून दाखवले होते. त्यावरून सागा संस्थानातल्या कारागिरांनी १८५५ मध्ये स्वतःचे इंजिन घडवले. शिंबाशी ते योकोहामा ही खरी रेल्वे धावली ती १८७२ मध्ये, १०६७ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. प्रतिकृती आधी आली, रेल्वे नंतर.

घरात छोट्या रेल्वे चालवण्याच्या छंदाचा इतिहास मात्र जागेच्या अडचणीतून घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर १६.५ मिलिमीटर रुळांवरच्या, एकास ऐंशी प्रमाणाच्या गाड्या जपानी हौशी लोकांनी आपल्याशा केल्या. पितळी पत्र्याची हाताने घडवलेली इंजिने अमेरिकेलाही जात. तोक्योतल्या गिंझामधले तेन्शोदो हे दुकान त्यासाठी नावाजलेले. पण या मापात वीस मीटरचा डबा २५ सेंटिमीटरचा होतो आणि दहा डब्यांची लोकल अडीच मीटरची. ती ठेवायची कुठे? १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले आणि शहरांभोवती इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढेच घर. सहा तातामींची, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटयांची, खोली साधारण २.७ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब. वसाहतींतल्या चटया त्याहूनही आखूड. तीच खोली दिवसा बसायची, रात्री झोपायची. सकाळी फुतोन, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, गुंडाळून ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या खोल कपाटात जातात आणि रात्री पुन्हा पसरतात. तिथे रेल्वेसाठी कायमचे टेबल कोण देणार?

या घरांना हवे होते ते माप जर्मनीतून आले. नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरचे एन गेज आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. सोनीने त्याच दशकात असा एक संच तयार केला होता, पण विक्रीला आणला नाही. १९६५ मध्ये सेकिसुइ किंझोकु, म्हणजे आज काटो या नावाने ओळखली जाणारी कंपनी, सी ५० हे वाफेचे इंजिन आणि सोबतचे प्रवासी डबे घेऊन उतरली. इतरत्र बहुतेक ठिकाणी एन गेजचे प्रमाण एकास १६०. जपानी डबे मुळातच लहान, म्हणून तिथे एकास १५० धरले गेले. युरोपीय रुंदीच्या रुळांवर धावणारी शिनकान्सेन ही अतिवेगवान गाडी तेवढी एकास १६० राहिली. गणिताने पाहिले तर १०६७ चे एकास १५० सात मिलिमीटर भरतात, नऊ नव्हे. समोरून पाहताना रूळ किंचित रुंद वाटतात. ही तडजोड जपानी छंदाने डोळे उघडे ठेवून पत्करली, आणि मला ती योग्य वाटते.

१९७० च्या दशकात जपानमधली वाफेची इंजिने निवृत्त होऊ लागली आणि रुळांकडेला कॅमेरे घेतलेल्यांची गर्दी जमू लागली. डिसेंबर १९७५ मध्ये शेवटची वाफेची प्रवासी गाडी धावली. पाठोपाठ निळ्या शयनयान गाड्यांचे वेड आले. मुलांना या गाड्या घरात हव्या होत्या. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, खेळणी बनवणाऱ्या तोमी कंपनीने एन गेजसाठी तोमिक्स हे नाव आणले.

एन गेज जपानी घरांत रुजले याचे श्रेय मी इंजिनापेक्षा रुळाला देतो. जुन्या पद्धतीत रूळ फळीवर खिळ्यांनी ठोकायचे आणि बारीक खडी गोंदाने चिकटवायची. तातामीवर खिळा कसा ठोकणार? तोमिक्सने, आणि पुढे काटोच्या युनिट्रॅक या रुळांनी, रुळाखाली प्लॅस्टिकचा खडीचा बांध जोडूनच दिला. तुकड्याला तुकडा लावला की विजेचा जोडही तिथेच होतो. शिवाय बांधामुळे गाडी जमिनीपासून थोडी उचललेली राहते. चटईचे तंतू आणि केस चाकांच्या आसांत गुंडाळले जाण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. चटईवर रूळ मांडायचे, तासभर गाडी फिरवायची आणि जेवणाआधी सगळे खोक्यात भरायचे, याला जपानीत ‘ओझाशिकी उन्तेन’ असा शब्दच आहे: बैठकीच्या खोलीतले गाडी चालवणे. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात अख्खे शहर जागेवर पक्के बसवलेले आहे. त्यापुढे ही भातुकली. रोज मांडायची, रोज मोडायची.

ठेवण्याचीही कला त्यातूनच वाढली. डबे पुस्तकाच्या आकाराच्या पेटीत झोपतात. आत डब्याच्या मापाने कापलेला फोम आणि पेटीच्या कण्यावर गाडीचे नाव. एका पेटीत सात-आठ डबे. सोळा डब्यांची शिनकान्सेन मांडली तर अडीच मीटर लागतात, पण आवरली की दोन पेट्यांत पुस्तकांच्या फळीवर उभी राहते. शत्रू एकच, दमट हवा. जूनच्या पावसाळ्यात कपाट बंद राहिले तर बुरशी धरते, आणि जुना युरेथेन फोम वर्षांनी चिकट होऊन रंगाला लागतो. म्हणून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि जुना फोम वेळीच बदलायचा.

ज्यांना डोंगर, बोगदा, गाव हवे होते त्यांनीही आवरण्याची सोय पाहिली. आतून पोकळ असलेले घराचे तयार दार हलके असते आणि सहसा वाकत नाही. त्यावर गाव उभारून गाड्या काढल्या की ते भिंतीला उभे टेकवता येते. तोमिक्सने १०३ मिलिमीटर त्रिज्येचे वळण काढले. त्याचे पूर्ण वर्तुळ जेवणाच्या ताटात मावते, फक्त त्यावर ट्रामसारख्या आखूड गाड्याच फिरतात. तोक्योत २००० मध्ये टेबलावर जोडायचे, रूळ बसवलेले छोटे ठोकळे पाहून एका अमेरिकन हौशी बाईंनी टी-ट्रॅक ही पद्धत बेतली. प्रत्येकाने सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीचा आपला तुकडा आणायचा, युनिट्रॅकने जोडायचा आणि दिवसअखेर पिशवीत घालून न्यायचा.

आता तर रूळच घराबाहेर गेले आहेत. जपानच्या शहरांत तासावर भाड्याने मिळणारे मोठे लेआउट, म्हणजे कायमचे मांडून ठेवलेले छोटे रेल्वेमार्ग, आहेत. संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस बॅगेतून पेटी काढतो, तोक्योच्या यामानोते मार्गाची अकरा डब्यांची हिरव्या पट्ट्याची गाडी रुळावर चढवतो, दीड मीटरची ती लोकल वळणावरून न अडखळता जाताना पाहतो. वेळ संपली की डबे एकेक करून फोममध्ये परत.