राजाश्रयाचा लोप व संगीतव्यवहार (सांगली, मिरज, औंध)

दक्षिण महाराष्ट्रातील पटवर्धन व पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानांकडून गायक, वादक, कीर्तनकार आणि नाटकमंडळ्यांना मिळणारे वेतन, बिदागी व इनामे बंद झाल्यावर कलावंत आणि श्रोत्यांनी उभी केलेली पर्यायी व्यवस्था. 8 मार्च 1948 रोजी दख्खनमधील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. या घडामोडीची सुरुवात बहुधा तेथून धरतात. नाटक व गायन यांपुरते पाहता ती बरीच मागे न्यावी लागते.

सांगलीत विष्णुदास भावे यांनी तेथील संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. 1851 मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि हा आधार तुटला. कर्जाचे ओझे आलेल्या भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले व 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाच्या धंद्याचा आरंभ सामान्यतः येथून मानतात.

मिरजेत आश्रय शाबूत असतानाच एकाने तो सोडला. मिरजकर संस्थानिकांच्या आधाराने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले गायक विष्णु दिगंबर पलुसकर 1896 च्या सुमारास बाहेर पडले. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते लोकवर्गणी आणि जलशांच्या उत्पन्नावर चालवण्यावर त्यांचा भर होता. 1948 नंतर गायकांना क्लास आणि शिकवण्यांची वाट धरता आली, त्यामागे ही आधीची घडण होती.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा उगम वादग्रस्त आहे. परंपरेनुसार फरीदसाहेब सतारमेकर व त्यांचे बंधू हे मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावणारे. 1850 च्या सुमारास ते सतार व तंबोऱ्याकडे वळले. एका मतानुसार संस्थानिकांच्या संगीतप्रेमाने, दरबारी गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता, हा धंदा रुजला. दुसऱ्या मतानुसार इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरल्याने कारागिरांना दुसरे काम शोधावे लागले. दोन्ही कारणे एकत्र संभवतात; पण एवढी कुटुंबे या कामात टिकली, याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक होतो. म्हणजे हा धंदाच आधीच्या एका राजाश्रित धंद्याच्या पडझडीतून आला. पंढरपूर भागातला जाड सालीचा भोपळा वाळवून कापायचा, त्याला लाकडी गळा व दांडी जोडायची, आणि शेवटी घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा किंचित घासत जवारी लावायची, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणायचा. तारेखाली सुताचा धागा सरकवून नाद खुलतो तो बिंदू गाठणे, हे काम आजही कानावरच चालते. संस्थान गेले तरी गिऱ्हाईक गेले नाही, कारण ते तोवर देशभर पसरले होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

औंधला दरबारगायक अनंत मनोहर (अंतुबुवा) जोशी यांच्या घराण्याने गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ 1940 च्या सुमारास संगीतोत्सव सुरू केला. संस्थान विलीन झाल्यावरही तो चालू राहिला. अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांनी त्याची धुरा वाहिली.

श्रोत्यांच्या बाजूने आधार झाला तो उरूस, गणेशोत्सव व नवरात्राच्या बैठकींचा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) यांची कबर आहे. तेथे उरुसात गायक-वादक हजेरी लावतात. सेवा म्हणून, बिदागीविना. नामवंतांच्या हजेरीने रात्ररात्र बैठक रंगते. मात्र अशा सेवेवर घर चालत नाही, हे विसरता येत नाही. देवळातील चौघडा, सनई, मृदंगाची साथ असा वेतनी वर्ग देवस्थानांच्या उत्पन्नावर, लग्नकार्यांवर आणि शेतीवर अवलंबून राहिला. 1963 मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाल्यावर काहींना कार्यक्रम व थोडे मानधन मिळू लागले.