१२ एप्रिलला एवढी गर्दी का?

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून १०८ मिनिटांत परत आला. अंतराळात गेलेला तो पहिला माणूस. बरोबर वीस वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ रोजी, कोलंबिया हे अमेरिकेचं स्पेस शटल पहिल्यांदा अंतराळात झेपावलं. गागारिनच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे, दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं. १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट गेले. त्यांचे पाय पोलिओनं गेले होते, आणि त्यांच्या दहाव्या स्मृतिदिनी, १२ एप्रिल १९५५ ला, पोलिओची लस गुणकारी ठरल्याचं जाहीर झालं. आणखी मागे गेलं तर १२ एप्रिल १६३३ ला रोममध्ये एकोणसत्तर वर्षांचा गॅलिलिओ धर्मन्यायालयापुढे पहिल्या जबानीसाठी उभा होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची तळी उचलल्याचा ठपका त्याच्यावर होता.

दिनविशेषाच्या रकान्यात या सहा ओळी एकाखाली एक आल्या की अंगावर काटा येतो. गॅलिलिओला ज्या तारखेला गप्प करायची सुरुवात झाली, त्याच तारखेला एका माणसानं पृथ्वीचा गोल वरून पाहिला! एवढं सगळं उगीच कसं जुळेल? पण यातली एकेक जुळणी उघडून बघितली, तर प्रत्येकीच्या आत वेगळंच यंत्र सापडतं.

सगळ्यात मजेदार कोलंबियाची. शटलचं उड्डाण मुळात १० एप्रिलला ठरलं होतं. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन आपापल्या जागी पट्टे बांधून बसले होते आणि उलटी मोजणी चालू होती. शटलमध्ये पाच संगणक होते. त्यांतले चार एकच प्रणाली चालवत आणि सतत एकमेकांशी उत्तरं ताडून पाहत. पाचवा राखीव. त्याची प्रणाली मुद्दाम वेगळ्या लोकांकडून लिहून घेतली होती, म्हणजे चौघांत एखादी चूक लपलेली असली तर तीच पाचव्यातही असायची नाही. मात्र वेळ आली तर कारभार हाती घेता यावा म्हणून पाचव्यानं आधीपासून चौघांच्या तालावर चालणं गरजेचं होतं. त्या दिवशी तो ताल जमेना. चौघांचं कामाचं चक्र ४० मिलिसेकंदांनी सरकलेलं होतं. पाचव्याला त्यांच्याकडून येणारी माहिती अवेळी आल्यासारखी वाटे आणि तो ती ऐकायलाच तयार नसे.

उड्डाण रद्द झालं. शोध घेतल्यावर कळलं, की संगणक सुरू होताना घड्याळाची पहिली वेळ ठरवण्याच्या पद्धतीत एक बारीक फट राहिली होती. ती उघडी पडण्याची शक्यता दर वेळी साधारण ६७ मध्ये १. चाचण्यांमध्ये तिनं त्रास दिला नव्हता, तो नेमका खऱ्या उड्डाणाच्या वेळी दिला. उपायही कसला, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे! दोन दिवसांनी शटल सुखरूप उडालं आणि गागारिनच्या उड्डाणाचा विसावा वर्धापनदिन आपोआप साधला गेला. तो कोणी ठरवला नव्हता, शीतयुद्धातल्या कुरघोडीचाही त्यात हात नव्हता. ६७ मध्ये १ शक्यता असलेला तो अडथळा आला नसता तर हा योग हुकलाच असता.

समजा कोलंबिया १० एप्रिललाच उडालं असतं. मग तारीख मोकळी राहिली असती का? छे. १० एप्रिल १९१२ ला टायटॅनिक साउदॅम्प्टनहून आपल्या पहिल्याच सफरीला निघालं होतं. पुढे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया पृथ्वीकडे परतताना हवेतच तुटून पडलं आणि सात अंतराळवीर गेले. दोन्ही यानांची पहिली सफर एकाच तारखेची, आणि शेवट दोन्हींचा भीषण! हा ‘अपशकुन’ पुढच्या पिढ्यांनी आवर्जून सांगितला असता. तारीख कुठलीही निघाली असती, तरी जुळवायला काहीतरी हाताशी असतंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते खरी, पण झाडावर कावळे किती बसले होते हे कोणी मोजत नाही.

मोजून बघू या. वर सहा घटना आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर १५ जोड्या होतात. कुठल्याही दोन सालांतलं अंतर दहानं पूर्ण भाग जाणारं असण्याची शक्यता साधारण दहात एक, म्हणजे अशा दीडेक जोड्या नुसत्या नशिबावरही मिळाव्यात. प्रत्यक्षात चार आहेत: १८६१ आणि १९६१, १८६१ आणि १९८१, १९४५ आणि १९५५, १९६१ आणि १९८१. दीडऐवजी चार का? कारण यादी मी केली आहे. त्या दिवशी घडलेल्या असंख्य गोष्टींमधून गोळाबेरीज छान जमते अशाच मी उचलल्या. दिनविशेष लिहिणारा प्रत्येक जण हेच करतो, फार विचार न करताही. शंभर वर्षं झाली की बातमी होते, सत्त्याण्णव झाली की होत नाही. त्यात दशमान पद्धत आपण दहा बोटांवर मोजायला लागलो म्हणून आली. बारा बोटं असती तर वेगळेच वर्धापनदिन ‘पूर्ण’ ठरले असते.

जोड्यांची संख्या किती झपाट्यानं वाढते, याचा आपल्याला अंदाज येत नाही हीच खरी मेख आहे. एका खोलीत २३ माणसं असली, तर त्यांतल्या कुणाही दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. इतिहासातल्या घटना तर हजारोंनी आहेत आणि तारखा फक्त ३६६.

रूझवेल्ट आणि पोलिओची लस ही जोडी मात्र या हिशेबात टाकून देता येत नाही. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, रूझवेल्टना आजारपण आलं आणि पायांतली ताकद कायमची गेली. पोलिओ झालेल्यांच्या उपचारांसाठी त्यांनी जॉर्जिया राज्यातलं वॉर्म स्प्रिंग्ज हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण विकत घेतलं. १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध एक राष्ट्रीय प्रतिष्ठान काढलं आणि लोकांना दहा-दहा सेंटची नाणी पाठवायचं आवाहन झालं. त्या नाण्यांच्या राशीतूनच पुढे ही लस तयार करणाऱ्या जोनास सॉल्क यांच्या संशोधनाला पैसा मिळाला. १९५४ साली सुमारे १८ लाख मुलांनी लसीच्या चाचणीत भाग घेतला. इतकी मोठी वैद्यकीय चाचणी त्याआधी झाली नव्हती. निकाल सॉल्क यांनी स्वतः जाहीर केला नाही. तो चाचणीचं मूल्यमापन करणाऱ्या थॉमस फ्रान्सिस यांनी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला वाचून दाखवला: लस सुरक्षित आहे आणि पक्षाघात घडवणाऱ्या पोलिओपासून ८० ते ९० टक्के संरक्षण देते. रूझवेल्ट गेले तेही वॉर्म स्प्रिंग्जलाच, मेंदूतल्या रक्तस्रावानं. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० च्या वर गेल्याची डॉक्टरांची नोंद आहे. इथे तारीख जुळली नसती, निकाल मे महिन्यात लागला असता, तरी माणूस आणि लस यांचं नातं तेवढंच घट्ट राहिलं असतं. गॅलिलिओ आणि गागारिन यांचा संबंध मात्र तारखेपुरताच. गोड आहे, पण बादरायण.

आता खुद्द तारखेकडे वळू. गॅलिलिओची जबानी १२ एप्रिलला झाली ती रोममध्ये. त्याच दिवशी लंडनमध्ये २ एप्रिल होती. तिथे अजून जुनी, ज्युलियन कालगणना चालू होती. तिच्यात वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं होतं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सव्वाअकरा मिनिटांनी लहान आहे. सव्वाअकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण १२८ वर्षांत तेवढ्याचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, दहा दिवस मागे सरकला, तेव्हा तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा तारखा गाळून टाकल्या. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. गॅलिलिओ तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढच्यासाठी नियम ठरला, की १७००, १८००, १९०० यांसारखी शतकांची वर्षं लीप धरायची नाहीत; ४०० नं भाग गेला तरच धरायची. पोपचं ऐकायचं कशाला म्हणून इंग्लंड १७५२ पर्यंत आणि रशिया १९१८ पर्यंत जुन्याच हिशेबावर अडून बसले.

रशियानं ती अढी आणखी पन्नास वर्षं धरली असती तर? गागारिन ३० मार्चला उडाला असता. फोर्ट सम्टरवरचा हल्ला त्याच ज्युलियन हिशेबानं ३१ मार्च १८६१ चा. म्हणजे शंभर वर्षांचा तो डौलदार मेळ एका दिवसानं फिसकटतो, कारण १९०० हे साल एका दिनदर्शिकेत लीप आहे आणि दुसरीत नाही. गागारिन-कोलंबिया आणि रूझवेल्ट-लस या विसाव्या शतकातल्या जोड्या तेवढ्या शाबूत राहतात. दिनदर्शिका बदलली की काही योगायोग मोडतात आणि नवे घडतात. आकाशात काडीचाही फरक पडलेला नसतो.

शिवाय तारीख कुठली, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावरही असतंच. गागारिनचं यान उडालं तेव्हा कॅलिफोर्नियात ११ एप्रिलची रात्र होती, दहा वाजून सात मिनिटं. त्याहून गमतीची गोष्ट अपोलो १३ ची. या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली ती १३ एप्रिल १९७० ला, आणि तेराचा धसका घेणाऱ्यांना त्यानं जन्मभराचं खाद्य पुरवलं. पण १३ तारीख होती ती ह्यूस्टनच्या घड्याळात, रात्री नऊ वाजून आठ मिनिटांनी. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा १४ एप्रिल लागून तीन तास उलटले होते. यान तर चंद्राच्या वाटेवर होतं, तिथे कुठली तारीख म्हणायची?

वर्धापनदिनाला पृथ्वी निदान आपल्या कक्षेत त्याच जागी परत येत असेल, असं वाटणं साहजिक आहे. तेही पुरतं खरं नाही. ३६५ दिवसांनी ती जुन्या जागेपासून सहा लाख किलोमीटरहून थोडी जास्तच अलीकडे असते, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या दीडपटीपेक्षा अधिक. लीप वर्षाचा जादा दिवस ही तूट भरून काढतो आणि पुन्हा ती साठायला लागते. त्यात सूर्य सगळ्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगानं धावतो आहे. त्या हिशेबानं गागारिनची ‘जागा’ केव्हाच हजारो कोटी किलोमीटर मागे पडली.

आकाशाला स्वतःचे वर्धापनदिन आहेत ते उल्कावर्षावांचे. दर वर्षी २२ एप्रिलच्या सुमारास पृथ्वी थॅचर धूमकेतूनं मागे सोडलेल्या धुळीच्या पट्ट्यातून जाते आणि स्वरमंडळ तारकासमूहाच्या दिशेकडून उल्का पडताना दिसतात. चीनमध्ये या वर्षावाची नोंद इ.स.पूर्व ६८७ ची आहे. खुद्द धूमकेतू सापडला १८६१ च्या एप्रिलमध्ये, फोर्ट सम्टरच्या आठवडाभर आधी. इथे कुणाला शकुन दिसला तर त्याला माझा इलाज नाही.

पुढची मोठी नोंद मात्र १२ एप्रिलच्या खात्यात जमा होणार नाही, एका दिवसानं हुकते आहे. १३ एप्रिल २०२९ ला, शुक्रवारी, अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपास व्यासाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. भूस्थिर उपग्रह यापेक्षा लांब आहेत. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा काही दिवस टक्कर होण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती; पुढच्या निरीक्षणांनी ती पार निकालात काढली आणि निदान शंभर वर्षं तरी त्याच्यापासून धोका नाही. युरोप आणि आफ्रिकेतून तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा लंडनमध्ये १३ तारखेची रात्र असेल आणि आशियाच्या बऱ्याच भागात १४ लागलेली असेल, त्यामुळे ‘शुक्रवार तेरा’वाल्यांची पंचाईत ठरलेली. अपोफिसचं सध्याचं वर्ष पृथ्वीच्या वर्षाहून लहान, ३२४ दिवसांचं आहे. या भेटीत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानं त्याची कक्षा एवढी ताणली जाईल, की त्यानंतर त्याचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा मोठं झालेलं असेल.